पहिल्या शॉटमधला हात

"उंबऱ्याच्या आत बाई, माझी सावली बसली..."

आवाज दाराच्या आतून यायचा. बाहेर, उन्हानं तापलेल्या सिमेंटच्या पायरीवर, पाच वर्षांची तेजल बसलेली असायची. आवाज पातळ होता, जरासा घोगरा. ओलं लुगडं दोन्ही हातांनी पिळावं तसा ओळीच्या शेवटाकडे पिळवटत जायचा. ओळ संपायची, आवाज श्वास घ्यायला थांबायचा, आणि पुढची ओळ यायच्या आत कुणीतरी तेजलच्या दंडाला धरून तिला उचलायचं. मग तिला एवढंच आठवायचं, की पायरी गरम होती आणि दार बंद होतं.

बाहेरून बंद होतं.

हे शेवटचं तिच्या ध्यानात कधी आलंच नव्हतं. पंधरा-सोळा वर्षांनी, आकुर्डीच्या कॉलेजात तिसऱ्या मजल्यावरच्या एडिटिंगच्या खोलीत, ती फळ्यावर आपल्या फिल्मचा पहिला शॉट लिहीत होती. फळ्याचे दोन भाग केले होते, डावीकडे दिसणारं आणि उजवीकडे ऐकू येणारं. डावीकडे तिनं लिहिलं : 'बंद दार. बाहेरून कडी.' लिहून झाल्यावर ती स्वतःच त्या चार शब्दांकडे बघत राहिली.

"बाहेरून?" सुखदा म्हणाली. साउंड तिच्याकडे होता. दिघीची पोर, वडील शाळामास्तर, शब्द ऐकायची सवय घरातूनच लागलेली. "म्हणजे गाणारी कोंडलेली आहे?"

"मला तसंच आठवतं."

"आठवतं?" आता क्षितिजनं मान वर केली. तो कॅमेरामन. "तू तर म्हणालीस, सुचलंय."

तेजल पुन्हा फळ्याकडे वळली.

फिल्म आठ मिनिटांची होती. एकटी राहणारी मुलगी, तिला रोज भिंतीपलीकडून गाणं ऐकू येतं, आणि शेवटी कळतं की भिंतीपलीकडे खोलीच नाही. पण सगळा डाव सुरुवातीच्या दोन मिनिटांवर होता. ती दोन मिनिटं मुलीच्या लहानपणातली. पायरी, दार, आवाज.

"राव, दोन मिनिटं संपली," क्षितिज घड्याळ दाखवत म्हणाला, "आणि अजून भूत नाही. माझी आत्या एवढ्या वेळात तीन चॅनल बदलते."

"तुझी आत्या परीक्षक नाहीये," तेजल म्हणाली.

"नशीब तुमचं. ती असती तर तुला नापास करून वर लाडू खाऊ घातला असता."

मृदुला मॅडम मागच्या बाकावर बसून हे सगळं ऐकत होत्या. त्या कमी बोलायच्या. त्या उठून फळ्याजवळ आल्या आणि 'कडी' या शब्दाखाली बोटानं रेघ ओढली.

"ही कुणी लावली?"

"ते गूढ आहे, मॅडम."

"गूढ प्रेक्षकाला. तुला नाही. तुला माहीत नसेल, तर तुझा कॅमेरा कुठं ठेवायचा हे तुला कसं कळणार? लावणाऱ्याच्या खांद्यामागं, की आतल्या बाईच्या डोळ्यांसमोर?" तेजलच्या हातातलं पेन घेऊन त्यांनी टोपण लावलं. "शुक्रवारी ही दोन मिनिटं कागदावर पक्की आण. कडी लावणाऱ्या हातासकट. तरच कॅमेरा मिळेल. नाहीतर पुढच्या गटाला देईन."

*

मंगळवारी तिघं दोन स्कूटरवरून कुरुळीला, तेजलच्या घरी गेले. तेजल आकुर्डीला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची, घरी रविवारची यायची. मधल्या वारी पोरगी दारात बघून तिची आई अनिता चपापली, आणि मग मागचे दोघं बघून हसली.

"हीच का भुताची मंडळी? या, बसा. च्या टाकते."

घरामागं सात खोल्यांची ओळ होती. तेजल जन्मायच्या आधी तिथं बांबूची कांद्याची चाळ असायची. कंपन्या आल्या, लोंढ्यानं पोरं आली, आणि आजूबाजूच्या सगळ्यांसारखी तिच्या वडलांनीही कांद्याच्या जागी माणसांची चाळ बांधली. पत्र्याचं छप्पर, लाकडी फळ्यांची दारं, दारावर रंगानं काढलेले आकडे. मागच्या बाजूला एक लहानसं वर्कशॉप होतं. तिथला पत्रा कापायचा प्रेस दर चार-पाच सेकंदांनी पडायचा. ठक्क. पुन्हा ठक्क. तो आवाज कानाला ऐकू येण्याआधी तळपायाला कळायचा. सुखदानं चप्पल काढून पाय जमिनीवर टेकवला आणि डोळे मिटून म्हणाली, "हे माझं संगीत. मला दुसरं काही नको."

चार नंबरची खोली दिवाळीपासून रिकामी होती. तेजल तिच्यासमोरच्या पायरीवर बसली. पायरी आता फार बुटकी वाटत होती.

"आई," तिनं हाक दिली, "चार नंबरमध्ये एक बाई राहायची ना गं? मी लहान असताना? गाणं म्हणा..."

"कोण न्हाई बा." प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर आलं. अनिता ओट्याशी मेथी निवडत होती, तिची बोटं थांबली नाहीत. "चारमधी कायम पोरंच राह्यली. बॅचलर."

"मग मला गाणं कसं आठवतं?"

"टीव्हीवर ऐकलं असशील. तवा काय कमी लागायचं का?"

तेजलनं पुढं विचारलं नाही. पण आईच्या मांडीवरल्या मेथीकडे तिचं लक्ष गेलं. पानं खाली पडत होती आणि काड्या पातेल्यात.

तेवढ्यात क्षितिजनं हाक मारली. तो मोबाइलवर दाराचे फोटो काढत होता. "भावांनो, इकडं या. हे बघा काय आहे."

दाराची कडी होती तिथंच होती, छातीच्या उंचीवर. पण तिच्यापासून बरंच वर, डोक्याच्याही वर, फळीवर चार आणि चौकटीवर दोन भोकं होती. पुट्टीनं बुजवलेली, वर कधीकाळचा हिरवा रंग. नीट बघितलं तरच दिसत होती.

"इथं पूर्वी दुसरी कडी असणार," क्षितिज म्हणाला. "पण इतक्या वर? माझा हात जातो, पण मी सहा फूट आहे. रोजच्या कडीसाठी कोण टाचा उंचावेल?"

"काय बघताय पोरांनो?"

तेजलचे वडील, बाळू, पहिल्या शिफ्टवरून आले होते. हातात डब्याची पिशवी, अंगात कंपनीचा राखी शर्ट. चाकणच्या एका गोदामात ते फोर्कलिफ्ट चालवायचे. क्षितिजनं भोकं दाखवली तसे ते जवळ आले, बघितल्यासारखं केलं.

"कॅलेंडरचा खिळा असंल."

"काका, दाराच्या बाहेरून कॅलेंडर?"

बाळू हसले. हसणं जरा लांबलंच. "भाडेकरू काय काय करत्यात, तुला सांगतो. एकानं तर खोलीत कोंबडा पाळला हुता." मग एकदम विचारलं, "परत कवा येणार तुमी?"

"गुरुवारी. मापं घ्यायला."

"गुरुवारी सुट्टीच हाय मला. या की." आणि ते घरात गेले. जाताना त्यांनी दाराकडे नाही, ओट्याकडे बघितलं.

परतताना मोशीच्या सिग्नलला सुखदानं तेजलला खुणेनं स्कूटर कडेला घ्यायला लावली. कानातला हेडफोन काढून तिच्या कानात घातला.

"मी रेकॉर्डर तुमच्या घराच्या खिडकीत ठेवला होता, प्रेसचा आवाज घ्यायला. चालूच राहिला. ऐक."

ठक्क. भांड्याचा आवाज. ठक्क. मग वडलांचा दबका स्वर : "त्यास्नी चार नंबरच कशाला पायजे?" ठक्क. मग आईचा : "तुमी काय बोलू नका. एक अक्षर बोलू नका." ठक्क.

तेजलनं हेडफोन परत दिला. समोरून कंपनीच्या बसेस एकामागून एक चालल्या होत्या, खिडक्यांना डोकी टेकून झोपलेली माणसं घेऊन. तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. आई वडलांना वाचवतेय.

*

बुधवारभर ती त्या दोन मिनिटांशी झटत राहिली. कागदावर चौकोन आखायची, चौकोनात दार काढायची. दाराशी हात काढायला गेली की पेन्सिल अडायची. मृदुला मॅडमचा प्रश्न आता फिल्मपुरता उरला नव्हता. ज्या हातांनी तिला सायकल शिकवली, ज्या हातांनी दहावीच्या निकालादिवशी तिच्या डोक्यावरून फिरताना केसांना कंपनीच्या ग्रीसचा वास लावला, तेच हात त्या चौकोनात बसवून बघायचे होते. बसले तर काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. न बसवता राहणंही जमेना.

शेवटी तिनं वहीत लिहिलं : 'शॉट दोन. पुरुषाचा हात. राखी बाही.' लिहिलं आणि वही पालथी घातली.

गुरुवारी सकाळी तिघं पुन्हा कुरुळीत पोचले, आणि क्षितिज स्कूटरवरून उतरताउतरताच ओरडला, "अरे देवा!"

चार नंबरचं दार निळं झालं होतं. चकचकीत, ओलं, निळं. वर बुजवलेली भोकं कुठं होती हे आता देवालाही सापडलं नसतं. शेजारी बाळू उभे, हातात ब्रश, गालावर निळा ठिपका, चेहऱ्यावर लग्नघरच्या बापाचा आनंद.

"कसं काय? काल संध्याकाळी एक हात दिला, आज सकाळी दुसरा. म्हणलं फिल्मात दिसणार, जरा नीट दिसावं. लोक म्हणायचे, बाळूच्या चाळीला रंग न्हाई."

"काका," क्षितिज अगदी हळू आवाजात म्हणाला, "आम्हाला तो जुना रंगच पाहिजे होता हो. पोपडे आलेला. भीती वाटायला पाहिजे."

"आता ह्या निळ्याची काय कमी भीती वाटती व्हय?" दोन नंबरच्या दारातून एक बाई म्हणाली, आणि सगळे हसले. तेजल सोडून.

ती वडलांच्या गालावरच्या ठिपक्याकडे बघत होती. सातातलं एकच दार रंगवलेलं. ज्या दारावर भोकं होती तेच. आणि विचारलं तर उत्तर इतकं साधं, इतकं भोळं, की त्यावर बोटही ठेवता येऊ नये.

हसवणारी बाई सोजराबाई. चाळीतली सगळ्यांत जुनी भाडेकरू. पोरांना डबे करून द्यायची. दुपारच्या डब्यांसाठी तिचा परातभर कणकेचा गोळा मळून झाला होता. तेजल तिच्याजवळ जाऊन बसली. इकडंतिकडं काही विचारलं नाही. नुसती ओळ म्हणाली, जशी आठवत होती तशी, त्याच घोगऱ्या चालीवर.

"उंबऱ्याच्या आत बाई, माझी सावली बसली..."

सोजराबाईचा हात परातीत थांबला. मग, जणू दुसऱ्या कुणी तिच्या तोंडून म्हणावं तशी, ती पुढची ओळ बोलून गेली :

"दिसाच्या मागं मागं, फटीतून निसटली."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मागं प्रेस पडत होता.

"कोण होती ती?"

"कस्तुरा." सोजराबाईनं आवाज खाली घेतला. "आमच्याच लातूरकडची. नवरी होऊन आलेली, अठराची असंल नसंल. चार महिने राहिली. गळा गोड होता लेकराचा. मनानंच जुळवून म्हणायची."

"तिला कोंडायचे?"

"हे बघ तेजल, मी भाडेकरू माणूस. अठरा वर्षं इथं काढली, अजून चार काढायचीत." तिनं कणकेवर ओला हात फिरवला, गुळगुळीत होती तरी फिरवत राहिली. "तू मला विचारू नकोस. तुझ्या घरात विचार."

म्हणजे बाई होती. म्हणजे दोघंही खोटं बोलले होते. त्यातूनच तेजलला युक्ती सुचली. दिग्दर्शकाची युक्ती. तिची तिलाच लाज वाटली, तरी तिनं ती सोडली नाही.

*

"पप्पा, एक काम करशील?" ती म्हणाली. "आम्हाला तालीम करायचीय. एक माणूस दार ओढून घेतो आणि कडी लावतो. फक्त हात दिसणार. आमच्यात कुणाचा हात शोभत नाही. क्षितिजचा बघ कसा आहे, लोण्यातून काढल्यासारखा."

"आमचा जिममधला हात आहे," क्षितिज म्हणाला. "त्याचा अपमान करायचा नाही."

"माझा हात फिल्मात?" बाळूंनी ब्रश खाली ठेवला, टर्पेंटाइनच्या फडक्यानं बोटं पुसली, शर्टाची बाही सारखी केली. "अगं ए, बघ की, मी हिरो झालो!"

अनिता ओट्यावर येऊन उभी राहिली. 

शेजारच्या पाच नंबरचं दार घेतलं, चारचा रंग ओला होता म्हणून. दारं सगळी एकसारखीच. क्षितिजनं मोबाइल आडवा धरला. तेजलनं वडलांना काहीच सांगितलं नाही, कडी कुठं, उंची किती, काही नाही. नुसतं म्हणाली, "तुला जशी रोज लावायची सवय, तशी लाव."

बाळूंनी दार ओढलं. हात सरळ छातीच्या उंचीवर गेला, कडी सरकवली, खटका वाजला. मग कॅमेऱ्याकडे बघून हसले.

"हसायचं नाही, काका. हात हसत नाही."

पुन्हा केलं. पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं. तो कुठंही अडखळला नाही, वर गेला नाही, वर जाता जाता खाली आला नाही. तेजल प्रत्येक वेळी हाताकडेच बघत होती. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण मग ती भोकं कुणाच्या हातासाठी होती?

"फोकस जमत नाहीये," क्षितिज म्हणाला. "काका, तुम्ही पोज देता. जरा बाजूला व्हा. काकू, तुम्ही याल का दोन मिनिटं? नुसतं उभं राहायचं. मला अंतर बघायचंय."

"मी कशाला? मला न्हाई जमायचं."

"जा गं," बाळू म्हणाले, "हिरोइनबिगर फिल्म व्हती का कुठं?"

अनिता पायऱ्या उतरून आली. पदर खोचला. क्षितिजनं तिला जागा दाखवली, चार नंबरच्या पुढ्यात, कारण पाच नंबरपुढं सावली आली होती. "रंग ओला आहे, हात लावू नका. नुसतं लावल्यासारखं करा."

प्रेस पडला. ठक्क.

अनितानं डाव्या हातानं दार ओढल्यासारखं केलं. आणि तिचा उजवा हात वर गेला. छातीजवळ थांबलाच नाही. डोक्यावरून वर, टाचा उचलून, बांगड्या कोपराकडे घसरत, थेट त्या जागी, जिथं निळ्या रंगाखाली भोकं होती. तिथं बोटं ओल्या रंगाला टेकून मिटली. काहीतरी उजवीकडे सरकवलं. नव्हतं ते.

मग तिच्या ध्यानात आलं.

हात तसाच वर राहिला. खाली कसा आणायचा हे विसरल्यासारखा. क्षितिजनं मोबाइल हळूच खाली घेतला. बाळूंनी मान वळवली आणि वर्कशॉपच्या भिंतीकडे बघू लागले.

"काका," क्षितिज म्हणाला, "इथं चहा कुठं मिळतो?"

"फाट्यावर," बाळू म्हणाले. "चल. चल, दावतो." दोघं निघून गेले. सोजराबाईनं आपलं दार लोटून घेतलं.

सुखदाही उठत होती. अनितानं तिच्या हातातल्या रेकॉर्डरकडे बघितलं.

"ते बंद हाय का?"

"बंद आहे, काकू." सुखदानं तो तिच्यापुढं धरून दाखवला, आणि घरात जाऊन बसली.

ओट्याच्या पायऱ्यांवर मायलेकी उरल्या. तेजल वरच्या पायरीवर, आई खालच्या. अनिताच्या बोटांना निळा रंग लागला होता, ती पदरानं पुसत होती, आणि रंग पदरावर पसरत होता.

"तू लावायचीस," तेजल म्हणाली.

"व्हय."

"मला वाटलं पप्पा."

"त्यांनी काय केलं न्हाई. त्यांनी फकस्त तिकडं बघायचं टाळलं." ती पुन्हा पुसू लागली. "तिचा नवरा आला हुता. पहिल्या शिफ्टला जायचा. म्हणाला, मालकीणबाई, नवीन हाय, गावची पोर, रस्ता बघितलेला न्हाई, ट्रकखाली येईल. मी गेलो की बाहेरून कडी घालत जा, दुपारी पाण्याला सोडा. मी चोवीस-पंचवीसची. तवर मला कुणी मालकीणबाई म्हणलं नव्हतं बघ. सासूबाई गेल्या, ह्यांनी खोल्या बांधल्या, पयल्यांदाच कुणीतरी मला इचारून काम सांगितलं. मी म्हणलं, बरं."

"आणि लावलीस."

"रोज. चार महिने. दुपारी सोडायची, ती हंडा भरायची, परत जायची. भांडली न्हाई कधी. आत गेली की गायची. तू पायरीवर जाऊन बसायचीस. आवडायचं न्हाई मला. तुला उचलून आणायची. तुला आवाज कळायला लागला तर कडी पण कळंल, असं वाटायचं."

तेजलच्या दंडाला एकदम ती जुनी पकड आठवली. इतकी वर्षं त्या पकडीला चेहरा नव्हता.

"मग वरची कडी कशाला?"

मागं प्रेस पडत राहिला.

"तू काढलीस म्हणून."

"मी?"

"बादली पालथी घातलीस, वर चढलीस, आन् काढलीस कडी. तिनं आतून सांगितलं असंल, न्हाईतर तुझं तुलाच सुचलं असंल. मी ओट्यावर व्हते. बघते तर दार सताड उघडं, बादली आडवी, आन् तू खोलीत तिच्या गोधडीवर झोपलेली. ती न्हाई. मग मी ह्यांना सांगितलं, कडी वर बसवून द्या, पोर काढती. त्यांनी रविवारी बसवली. का म्हणून इचारलं न्हाई. ती दोघं खोली सोडून गेली तवा परत खाली घेतली."

"थांब," तेजल म्हणाली. "ती निघून गेली होती ना? मग वर कडी कुणासाठी बसवली?"

अनिताचे हात थांबले. डोळे अंगणात कुठंतरी खाली. तेजलला वाटलं, आई आता उठेल, म्हणेल भाजी लागली असंल, आणि आत जाईल. मंगळवारी टाळलं तसं. पंधरा वर्षं टाळलं तसं. तिनं खालच्या पायरीवर उतरून आईच्या शेजारी जागा केली आणि नुसती बसून राहिली. काही विचारलं नाही.

"हायवेला उभी व्हती," शेवटी अनिता म्हणाली. "फाट्याच्या पुढं, झाडाखाली. अंगावरची साडी, हातात काय न्हाई. नाशिककडच्या गाड्यांना हात करत व्हती, तिला ठावं पण नव्हतं, तिचं गाव त्या बाजूला न्हाईच. मी पळत गेले. म्हणलं, चल घरी, नवरा यायची येळ झाली. ती न्हाई म्हणाली. पयल्यांदा न्हाई म्हणाली मला. मी हात धरला, तिनं सोडवून घेतला. माझ्याहून ताकद व्हती तिला. एक टेम्पो थांबला पण. दार उघडलं त्यानं. ती चढायच्या बेतात व्हती."

तिनं पदराचा निळा कोपरा मुठीत धरला.

"सोजराला ठावं न्हाई हे. ह्यांना पण न्हाई. कुणाला सांगितलं न्हाई मी." आवाज इतका बारीक झाला की तेजलला वाकावं लागलं. "मी तिला म्हणलं, कस्तुरा, तेजल रडतीया. तुझ्या नावानं हाका मारतीया, घास घेईना, काय केल्या गप व्हईना. तू आल्याबिगर थांबायची न्हाई ती. आन् ती उतरली. टेम्पोच्या पायरीवर पाय ठेवला व्हता, तो मागं घेतला. सगळ्या वाटेनं माझ्याम्होरं चालत आली, भराभरा. तू तर झोपली व्हतीस गं. तुझं नाव घेऊन मी तिला परत आत घातली."